पपईवरचा आणि जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण एकच का?

प्रश्न : कोथरूडला आमच्या सोसायटीत पपई आणि जास्वंद शेजारी शेजारी आहेत. दोन्हींवर पिठ्या ढेकूण पडलाय. माळीदादा म्हणतात, सगळे एकच. मुलगी म्हणते, डीएनए तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. खरं कोणाचं?

उत्तर : मुलीचं बरंचसं खरं आहे. पपईवरचा बहुधा पॅराकोकस मार्जिनेटस. तो 2008 मध्ये कोइमतूरला सापडला आणि बघता बघता महाराष्ट्रात आला. जास्वंदीवर तोही असतो आणि मॅकोनेलिकोकस हिर्सुटस, म्हणजे गुलाबी पिठ्या ढेकूणही. अंगावरचं पांढरं मेण पुसलं की पहिला पिवळा, दुसरा गुलाबी दिसतो. पहिल्याची मादी अल्कोहोलमध्ये ठेवली तर दोनेक दिवसांत निळसर काळी पडते. पिल्लांवरून मात्र काहीच सांगता येत नाही.

नाव कळायलाच हवं, कारण 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून आपल्याकडे आणलेली अ‍ॅसेरोफॅगस पपायी ही इवलीशी गांधीलमाशी पपईवरच्या ढेकणातच अंडी घालून त्याला मारते. गुलाबीकडे ती ढुंकूनही पाहत नाही.

मी कीटकशास्त्र शिकवायचे तेव्हा मादी कॉस्टिक पोटॅशमध्ये स्वच्छ करून, रंगवून काचपट्टीवर घ्यायची आणि मेण स्रवणारी छिद्रं सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, ही पद्धत. ते काम मला आजही फार मोलाचं वाटतं. पण त्याला पूर्ण वाढलेली मादीच लागते. डीएनएला पिल्लूही चालतं. सीओआय नावाच्या जनुकाचा, डीएनएच्या साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचून तो आधी ओळख पटलेल्या नमुन्यांशी ताडतात. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये ही कल्पना मांडली. पण ज्याच्याशी ताडलं त्या आधीच्या नमुन्यालाच कोणी चुकीचं नाव दिलं असेल, तर तुमचंही उत्तर चुकतं. शिवाय ढेकणाच्या पोटात गांधीलमाशीची अळी वाढत असेल, तर कधी कधी तिचाच डीएनए वाचला जातो! म्हणून मादीचा डीएनए काढल्यावर उरलेली कातडी फेकू नये, तिची काचपट्टी करून ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

दोन झाडांसाठी एवढा खर्च नको. दोन्हींच्या फांद्या वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राच्या लोकांना दाखवा. तोवर जहाल औषध मारू नका, पाण्याचा जोरदार फवारा द्या. ढेकणांत एखादी पांढरी, लोकरीसारखी, भराभर चालणारी अळी दिसली तर तिला हात लावू नका. ती बहुधा क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची असेल, आणि त्याला खायला दोन्ही ढेकूण चालतात.