मोटरबोटीच्या आवाजाला कायद्याने किती मर्यादा आहे आणि तो मोजतात कसा?

सगळीकडे लागू होणारा एकच आकडा नाही, आणि मोजण्याची पद्धत सांगितल्याशिवाय नुसत्या डेसिबलला अर्थही नाही.

कॅलिफोर्नियाचा कायदा बघा. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या इंजिनांना ८८ डेसिबल, त्याआधीच्यांना ९०. ही स्थिर चाचणी आहे (एसएई या अमेरिकी अभियंता-संस्थेचं मानक जे-२००५): बोट उभी, इंजिन आयडलवर (थ्रॉटल न देता नुसतं चालू) आणि मायक्रोफोन बोटीपासून निदान एक मीटरवर, पाण्याच्या वर साधारण सव्वा ते दीड मीटर. गस्तीवरच्या पोलिसाला ही पाच मिनिटांत करता येते, हाच तिचा मोठा गुण. पण आयडलला शांत असणारी बोट थ्रॉटल दिल्यावर कान किटवू शकते! म्हणून दुसरी चाचणी आहे, जे-१९७०. तिच्यात आवाज मोजणारं यंत्र (मीटर) काठावर किंवा धक्क्यावर ठेवून जाणाऱ्या बोटीचा आवाज मोजतात, मर्यादा ७५. काठावर राहणाऱ्यांना खरा त्रास किती होतो, हे माझ्या मते हिच्यातूनच कळतं.

युरोपीय संघाचा रोख विकणाऱ्यावर आहे. २०१३/५३ या निर्देशानुसार एका इंजिनाला, त्याची ताकद १० किलोवॉटपर्यंत असेल तर ६७, ४० पर्यंत ७२ आणि त्यापुढे ७५ डेसिबल. एकाहून जास्त इंजिनं असतील तर ३ डेसिबलची सूट. इथे बोट आवाज मोजणाऱ्या यंत्रासमोरून २५ मीटर अंतरावरून नेतात (आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४५०९).

त्यामुळे कॅलिफोर्नियाचे ८८ आणि युरोपचे ७५ शेजारी ठेवून कोणता कायदा कडक हे ठरवू नका. अंतरच वेगळं आहे. आणि सायलेन्सर काढून टाकला असेल, तर बऱ्याच ठिकाणी मीटर न लावताही दंड होतो.