कृषी सल्ला : ‘साहेब, याचं पेटंट होते का?’

या पंधरवड्यात काटोल-नरखेड पट्ट्यातून तीन प्रश्न आले. तिघांनाही पेटंटच हवं आहे. मार्ग मात्र प्रत्येकाचा निराळा आहे.

संत्र्याची आकारानुसार प्रतवारी करणारं यंत्र घरीच बनवलं. पेटंट मिळेल का?

मिळू शकतं. पण प्रतवारीची यंत्रं बाजारात आधीपासून आहेत, त्यामुळे अख्ख्या यंत्रावर हक्क सांगता येणार नाही. तुमचा पट्टा सालीला इजा न करता फळ वळवतो, ही युक्ती जगात कुठेच नसेल आणि एखाद्या जाणकार फिटरलाही सहज सुचण्यासारखी नसेल, तर दावा तेवढ्यावर करा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंट फुकटात शोधता येतात. आधी ती पाहा.

पत्रासोबत व्हिडिओची लिंक पाहून मी चरकलोच. भाऊ, अर्जाआधी यंत्र जगाला दाखवलं की त्याचं नवेपण तिथेच संपतं, व्हिडिओ नंतर काढून टाकला तरी. प्रदर्शनासाठी कायद्यात सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्याच प्रदर्शनांना. गावच्या कृषी मेळाव्याला नाही. व्हिडिओत न दिसलेली सुधारणा तुमच्याकडे असेल, तर आता ती तरी झाकून ठेवा.

यंत्र अजून अर्धवट असेल तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून तारीख पक्की करा. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये, तपासणीची वेगळी. अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो. मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हक्क, तोही फक्त भारतात, आणि तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी भरत राहिलात तरच. या विषयाचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्या नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला आहे.

संत्र्याच्या मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) झाडांचं पाणी तोडून ताण द्यायची माझी वेगळी पद्धत आहे.

शेतीच्या पद्धतीला १९७० च्या पेटंट कायद्यात पेटंटच नाही. शेजाऱ्याला बिनधास्त सांगा.

निवड करत करत तुरीचं वाण तयार केलं आहे.

बियाणं आणि वाण पेटंटच्या कक्षेबाहेर आहेत. त्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी होते आणि तुम्हाला शुल्क लागत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी धानातली वेगळी दिसलेली झाडं निवडून एचएमटी वाण घडवलं, तेव्हा हा कायदाच नव्हता. तांदूळ घरोघरी पोचला, दादाजींच्या हाती फार काही लागलं नाही.

तुमचं वाण मात्र अजून नोंदणीजोगं वाटत नाही. तुम्हीच लिहिता, काही झाडांचा फुलोरा पंधरा दिवस मागे राहतो, म्हणजे झाडं अजून एकसारखी नाहीत. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन होतं, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात. शेजारच्या वावरातली तूर तुमच्यात मिसळत असणार. यंदा निवडक झाडांवर कळ्या उमलण्याआधी मच्छरदाणीचं कापड बांधा आणि त्या शेंगांचं बी वेगळं ठेवा.