३१ गाणी ऐकायची कुणी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी टेलर स्विफ्टची जुनी फॅन, पण 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' अजून एका बैठकीत ऐकून झालेला नाही. मैत्रिणी म्हणतात तू खरी फॅनच नाहीस. दोष कुणाचा?

उत्तर: अल्बमचा, निवांत राहा. एप्रिल २०२४ मध्ये आधी १६ गाणी आली, ती धड ऐकूनही झाली नव्हती तर दोन तासांनी आणखी १५ येऊन पडली, म्हणजे ३१ गाणी, दोन तासांच्या वर, एवढ्यात अख्खा पिक्चर बघून होतो. बाई शब्दांत कच्ची नाहीच, पण बऱ्याच चाली त्याच त्या संथ लयीत, मागे तोच सिंथ (सिंथेसायझर) नाहीतर पियानो, त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या गाण्यापर्यंत कुठलं संपलं नि कुठलं सुरू झालं पत्ता लागत नाही. हे दुखणं तिच्या एकटीचं नाही म्हणा. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की प्ले धरला जातो, आणि चार्टवर, म्हणजे लोकप्रियतेच्या यादीत, अल्बमच्या खात्यात त्यातल्या प्रत्येक गाण्याचे प्ले जमा होतात, मग गाणी गाळायची हौस कुणाला असणार? त्याच वर्षी मे महिन्यात बिली आयलिशने 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' १० गाण्यांत आटोपला, आधी एकही सुटं गाणं (सिंगल) न सोडता. त्यातलं 'लामूर द मा वी' ऐका, आधी आरामात झुलत झुलत चाललेलं गाणं मध्येच गाडी बदलून एकदम नाचायच्या सिंथवर चढतं. अशी गंमत ३१ गाण्यांत तीनदा जरी झाली असती तरी मी गप्प बसले असते.

प्रश्न: फ्युजन म्हटलं की मी चॅनल बदलतो. सतारीमागे ड्रमसेट लावला की झालं फ्युजन! एक तरी अल्बम सांगा जो ऐकून माझं मत बदलेल.

उत्तर: तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे आणि तरीही २०२३ चा 'ॲज वी स्पीक' ऐका. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बेस, झाकीर हुसेन आणि बासरीवर राकेश चौरसिया. आता बघा, बँजोचा सूर वाजला की लगेच विरतो, बासरीचा हवा तेवढा लांबवता येतो, मायर गज घेऊन खाली सूर धरून बसतो आणि झाकीरभाई डग्ग्यावर मनगट दाबून त्याच खालच्या पट्टीत मींड काढतात, म्हणजे सूर घसरवत नेतात, की क्षणभर बेस कुठला नि डग्गा कुठला तेच कळत नाही. कुणी कुणाला साथ करतंय असं वाटतच नाही, चौघं गप्पा मारतायत. यातल्या 'पश्तो'ला आणि अल्बमलाही फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच रात्री झाकीरभाईंच्याच 'शक्ती' बँडच्या 'धिस मोमेंट'लाही मिळालं, झाकीरभाईंची एका रात्रीत तीन! पण खरं सांगू का, 'धिस मोमेंट' मला जरा जास्तच घासूनपुसून चकाचक केलेला वाटतो. ४५ वर्षांहून जास्त काळाने शक्तीचा स्टुडिओ अल्बम आला, शंकर महादेवन जीव तोडून गातोय, आणि मॅकलॉफ्लिनच्या गिटारचा तो सिंथसारखा आवाज मध्ये मध्ये सगळं गुळगुळीत करून टाकतो. लाइव्ह शक्ती वेगळी गोष्ट, तिथे घाम दिसतो. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले, त्यामुळे आता हे दोन्ही अल्बम ऐकताना माझा कान आपोआप तबल्यावरच जातो, ते सोडा.

प्रश्न: माझा मुलगा दिवसभर रॅप लावून बसतो. पन्नाशीत रॅप झेपेल का?

उत्तर: झेपेल. केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' घ्या, २२ नोव्हेंबर २०२४ ला कसलीही दवंडी न पिटता टाकला, १२ गाणी, पाऊण तासाच्या आत संपतो. सुरुवातच डेयरा बरेरा या मारियाची, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीत गाणाऱ्या गायिकेच्या स्पॅनिश आवाजाने होते, तुम्हाला वाटेल चुकीचा अल्बम लागला. शब्द पहिल्या खेपेला सोडून द्या, ठेक्यावर कान ठेवा. शिव्या भरपूर आहेत, हेडफोन लावा.

प्रश्न: जुन्या बँडनी आता नवीन अल्बम काढायचे थांबवावेत असं तुम्हाला नाही वाटत का?

उत्तर: रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' २०२३ मध्ये आला तेव्हा थोडं वाटलं होतं. मिक जॅगरचा आवाज ऐंशीच्या घरात असा कसा राहतो देव जाणे, पण सगळं इतकं ठासून भरलंय की श्वास घ्यायला जागा नाही. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये द क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला, १६ वर्षांनी, फक्त ८ गाणी, आणि माझी बोलती बंद. पहिल्याच 'अलोन'मध्ये तीन मिनिटं होऊन जातात तरी रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही. नुसते जड ड्रम, वर पसरलेला सिंथ, आणि आपण वाट बघत बसतो. बरं, इथे लांबण लावलीय असं वाटत नाही कारण दर फेरीला काहीतरी थोडं थोडं वाढत जातं, आणि शेवटी तो गायला लागतो तेव्हा आवाज थेट जुना, पण बोलणं सगळं गेलेल्या माणसांबद्दल. शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांचं आहे, मूड नसेल तर लावूच नका.

प्रश्न: लांब अल्बमवर चिडता, मग रॅपर आंद्रे ३००० चा बासरीवाला 'न्यू ब्लू सन' ८७ मिनिटांचा आहे, तो कसा चालतो?

उत्तर: कोण म्हणालं चालतो? निदान माणूस प्रामाणिक आहे, पहिल्या गाण्याच्या नावातच सांगून टाकलंय की मला खरंच रॅप अल्बम करायचा होता, पण वाऱ्याने इकडे आणलं. बासरीची सवय असलेल्या कानाला त्याची फुंकर फारच चाचपडत चालल्यासारखी वाटते. मागे लावून काम करायला बरा आहे.

प्रश्न: स्पॅनिश गायिका रोसालियाच्या 'लक्स' अल्बममध्ये १३ भाषा आहेत म्हणे. नाटक ना हे?

उत्तर: थोडं आहेच. पण त्यातलं 'बर्गहाइन' मोठ्या स्पीकरवर लावा, सुरुवातीला व्हायोलिन सपासप सुटतात, कोरस जर्मनमध्ये गर्जतो, मग ही बाई ऑपेराच्या आवाजात वर चढते आणि पुढे आइसलँडची गायिका ब्यर्क पण येऊन जाते. तीन मिनिटांच्या आत आटोपतं सगळं. नाटक असेल तर तिकीट काढून बघण्यासारखं आहे.