हेडलाइटच्या प्रकाशात गाडीचा वेग का मिळवला जात नाही?

तुझा प्रश्न असा : सोलापूरहून मोहोळकडे ताशी 100 किलोमीटरनं निघालेल्या गाडीच्या हेडलाइटचा प्रकाश तेवढाच जास्त वेगानं जायला नको का? आणि 'सगळंच सापेक्ष' असेल तर खरं काय मानायचं?

दुसरं आधी निकालात काढतो. सगळं सापेक्ष आहे, असं आइनस्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत सांगतच नाही. तो उभाच आहे न बदलणाऱ्या एका गोष्टीवर.

गती सापेक्ष असते, हे तर जुनंच. नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, हा दाखला आर्यभटानं 499 मध्येच दिलाय. सोलापूर स्टेशनवर शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं, आणि बाटली भरायला उतरलेल्या काकांच्या नावानं घरचे ओरडायला लागतात. (आमच्याकडे हे दर खेपेला होतं.) खात्री करायला आपण प्लॅटफॉर्मकडे बघतो. पण प्लॅटफॉर्म तरी कुठे स्थिर आहे? पृथ्वीच सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटरनं पळतेय.

त्या वेगाचा प्रकाशावर परिणाम दिसतो का, हे मायकेलसन आणि मोर्ली या शास्त्रज्ञांनी 1887 मध्ये मोजून पाहिलं. काही दिसलं नाही. 1905 मध्ये आइनस्टाइननं ते तत्त्व म्हणूनच धरलं : निर्वात जागेत प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर.

आता गंमत बघ. चालत्या डब्याच्या बरोब्बर मधोमध दिवा लागला. आत बसलेल्याला प्रकाश पुढच्या आणि मागच्या दारावर एकदमच पोचलेला दिसेल. प्लॅटफॉर्मवरच्याला मात्र नाही. त्याच्या हिशेबानं मागचं दार प्रकाशाला सामोरं येतंय, पुढचं पळतंय आणि प्रकाशाचा वेग दोन्हीकडे तोच; म्हणजे मागच्या दारावर आधी. चूक कुणाचीच नाही. 'एकाच वेळी' हा शब्दच दोघांचा वेगळा आहे. इथे दोन दिवस अडकलास तरी चालेल, मी जास्तच अडकलो होतो. हे पचलं की वेगानं पळणारं घड्याळ हळू पडतं, हे फारसं जड जात नाही.

पुरावा डोक्यावरच आहे. साधारण 15 किलोमीटर उंचीवर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे म्युऑन नावाचे कण तयार होतात. सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. जवळपास प्रकाशाच्या वेगानं पळाले तरी तेवढ्यात जेमतेम 660 मीटर जातील. तरीही तू गच्चीवर तळहात आडवा धरलास तर सेकंदाला एखादा त्यातून जातो. आपल्या दृष्टीनं त्यांचं घड्याळ मंदावलंय. त्यांच्या बाजूनं बघशील तर घड्याळ ठीक आहे, वातावरणाची जाडीच आखडलीय.

सापेक्षतेतला गुरुत्वाकर्षणाचा भाग 1915 चा, तो वेगळा विषय. एवढंच सांगतो : जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतात आणि गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं 45 पुढे जातात. ही 38 ची दुरुस्ती धरलेली असते.

गाडीत हे का जाणवत नाही? ताशी 100 नं 4 तास गेलास तर मनगटावरचं घड्याळ सेकंदाच्या साधारण सोळा अब्जाव्या भागानं मागे पडेल.

आणि हेडलाइट. u आणि v या दोन वेगांची खरी बेरीज (u + v) भागिले (1 + uv/c²) अशी असते; c म्हणजे प्रकाशाचा वेग, v गाडीचा. u च्या जागी c घाल आणि वहीत सोडव. गाडीचा v वरूनही कटतो, खालूनही; उरतो फक्त c.