खडकावर धक्का कमी बसतो का?

प्रश्न : १९८५ च्या मेक्सिकोतील भूकंपाचे केंद्र किनाऱ्यालगत होते, तरी मोठा विध्वंस साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत झाला, असे वाचले. मग खडकाळ जमिनीवर मोठा भूकंपही सौम्यच असतो, असे समजावे काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : सरसकट तसे समजू नये. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याखाली कोकोस भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा एक विशाल तुकडा) उत्तर अमेरिकी भूपट्टाखाली सरकतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी तेथे ८.० महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप झाला, तेव्हा भंगलेल्या, म्हणजे भूकंपात तुटून सरकलेल्या, भागाच्या थेट वर, कालेता दे काम्पोस येथील खडकावर बसवलेल्या त्वरणमापकाने (जमिनीचा वेग किती झपाट्याने बदलतो, म्हणजे त्वरण, मोजणाऱ्या उपकरणाने) गुरुत्वत्वरणाच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या, जेमतेम १५ टक्के एवढेच कमाल त्वरण नोंदवले. त्याहून कितीतरी लहान, साधारण साडेसहा महत्तेच्या १९६७ च्या कोयना भूकंपात धरणाच्या गॅलरीतील (भिंतीच्या आतील बोगद्यातील) उपकरणाने ६३ टक्के नोंदवले होते!

याचे कारण असे की, एखाद्या ठिकाणचे कमाल त्वरण मुख्यतः जवळच्या भंगाकडून येणाऱ्या जलद कंपनांवर ठरते; शंभर-दीडशे किलोमीटर लांबीच्या भंगाच्या दूरच्या भागातील लहरी उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचतात. त्यामुळे महत्ता वाढली की कमाल त्वरण त्या प्रमाणात वाढत नाही. वाढतो तो हादऱ्याचा कालावधी आणि संथ, दीर्घ आवर्तकालाच्या (एक हेलकावा पूर्ण व्हायला जास्त वेळ घेणाऱ्या) लहरींचा जोर. कालेताच्या नोंदीत सुमारे २५ सेकंदांच्या अंतराने आलेले दोन ठळक तडाखे दिसतात, आणि तिचे गणित करता जमीन सुमारे एक मीटर कायमची उचलली गेल्याचे निघते. किनाऱ्यावर भरतीरेषेलगत पाण्याबाहेर उचलले जाऊन मेलेल्या सागरी जीवांनीही तीच साक्ष दिली. अशा हादऱ्याला केवळ त्वरणाच्या आकड्यावरून सौम्य म्हणणे मला पटत नाही.

मेक्सिको सिटीतही विद्यापीठाच्या कठीण लाव्हाभूमीवर तीन-चार टक्केच त्वरण नोंदले गेले, मात्र जुन्या तेस्कोको सरोवराच्या चिकणमातीवर ते सुमारे १७ टक्क्यांवर गेले. तेथे जमीन साधारण दोन सेकंदांच्या आवर्तकालाने डोलत राहिली आणि मुख्यतः सहा ते पंधरा मजली इमारती त्या तालात सापडल्या.

आणखी एक सावधगिरी हवी. दुसऱ्या भूपट्टाखाली सरकणाऱ्या भूपट्टाच्या पोटात होणाऱ्या भूकंपांत जलद कंपने अधिक असतात, त्यामुळे खडकावरच्या ठेंगण्या, ताठ बांधकामांनाही त्यांचा तडाखा बसतो. शिवाय नकाशात ‘खडक’ म्हणून दाखवलेली जागा वरून झिजलेली असेल किंवा डोंगराच्या धारेवर असेल, तर कंपने वाढू शकतात. आपल्याकडेही बेसाल्टवरचा जाड मुरूम किंवा भराव हा पायाच्या हिशेबात खडक धरू नये.