हाकेला ओ देणारं मांजर

मांजरांविषयी या महिन्यात आलेले बरेच प्रश्न मुळात कुत्र्यांवर जीव असलेल्यांचे आहेत. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर म्हातारपणाने गेला. आता आम्ही दोघंही नोकरीला, घर तिसऱ्या मजल्यावर. पुन्हा कुत्रा आणून त्याला दिवसभर कोंडायचं नाही. शेजारचं मांजर मात्र हाक मारली की धावत येतं, संध्याकाळी दाराशी वाट बघत बसतं. असं मांजर हवं तर कोणती जात घ्यावी?
(वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : जातीआधी पिल्लू कुठे आणि कसं वाढलं ते बघा. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. कुत्र्यात हा काळ बाराव्या आठवड्याच्या आसपास लांबतो, त्यामुळे दोन महिन्यांचं पिल्लू आणलं तरी हातात थोडा वेळ उरतो. मांजराचं तसं नाही. ते तुमच्याकडे येईपर्यंत मुख्य काम त्याच्या जन्मघरी झालेलं असतं, नाहीतर राहून गेलेलं असतं. म्हणून ते घर स्वतः जाऊन बघा. घरातली मुलंमाणसं पिल्लाला रोज हाताळतात का? मिक्सर लावला की ते दडी मारतं, की जरा दचकून पुन्हा खेळायला लागतं? तुम्ही जमिनीवर गप्प बसून राहा. मिनिटा-दोन मिनिटांत शेपटी ताठ उभी करून वास घ्यायला येणारं पिल्लू निवडा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. बारा झाले तर उत्तम.

सयामी, ॲबिसिनियन, बर्मीज आणि मेन कून या जाती माणसाच्या मागेमागे राहणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. पण मेन कूनचे दाट केस आणि सोलापूरचा मे महिना यांचं जमत नाही. पर्शियनचं नाक चपटं, श्वास आधीच अडखळता. उन्हाळ्यात ते जास्तच हैराण होतं आणि स्वभावानेही निवांत असतं. आमचा कौल देशी मांजराला. केस आखूड, इथली हवा मानवलेली. वर्षा-दोन वर्षांचं मोठं मांजर दत्तक घेतलं तर आणखी सोयीचं, कारण त्याचा स्वभाव घ्यायच्या आधीच दिसतो.

आणि दाराशी वाट बघणं हा निव्वळ खाण्याचा लोभ असतो, हे मनातून काढून टाका. २०१९ मध्ये अमेरिकेत ७० पिल्लांची चाचणी झाली. पिल्लू अनोळखी खोलीत दोन मिनिटं मालकासोबत, मग दोन मिनिटं एकटं, मग पुन्हा मालकासोबत. मालक परत आल्यावर सुमारे ६४ टक्के पिल्लं सावरली आणि पुन्हा खोलीत हिंडू लागली. मालकाचा त्यांना आधार वाटतो, असाच याचा अर्थ.

प्रश्न : फेकलेली वस्तू परत आणून देणं मांजराला शिकवता येतं का?
(वाचक, विजापूर रोड)

उत्तर : येतं, पण सुरुवात त्याच्याकडून झाली तर फार सोपं जातं. वस्तू आणून देणाऱ्या ११५४ मांजरांची माहिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ९४ टक्के मांजरांना ते कुणीही शिकवलेलं नव्हतं. तेव्हा तुमचं मांजर खेळताना काय तोंडात धरून नेतं ते आधी हेरा. कागदाचा बोळा, बाळाचा मोजा, काहीही असेल. तीच वस्तू खेळाची.

वेळ जेवणाआधीची, पोट रिकामं असताना. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे तूरडाळीएवढे तुकडे. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त बक्षीस देऊ नका.

आधी हाक पक्की करा. नाव एकदाच घ्यायचं, आलं की लगेच तुकडा. औषध पाजायला किंवा नखं कापायला त्या हाकेने कधीही बोलावू नका, नाहीतर आठवड्यात हाक फुकट जाते. मग अरुंद पॅसेजमध्ये बसा, म्हणजे वस्तू घेऊन जायला दुसरी वाट उरत नाही. हातभर अंतरावर बोळा टाका. तोंडात धरला त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि तुकडा द्या. चार-पाच दिवसांनी नुसतं धरण्याला नाही, तुमच्याकडे एक पाऊल टाकण्याला तुकडा. मग दोन पावलांना. शेवटी हातापाशी सोडण्याला. एका वेळचा सराव दोन-तीन मिनिटांचा, आणि मांजराला अजून खेळावंसं वाटत असतानाच बोळा कपाटात. दिवसभर समोर पडून राहिलेल्या वस्तूत त्याला रस उरत नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, माणूस वस्तू घ्यायला मागे धावतो. मांजराला पळवून नेण्याचा खेळ जास्त आवडतो आणि तोच पक्का होतो. दोन, रागावणं. दटावलेला कुत्रा बऱ्याचदा गोंजारायला परत येतो, दटावलेलं मांजर त्या माणसाला टाळायला लागतं.

प्रश्न : पट्टा बांधून सकाळी फिरायला नेता येईल का?
(वाचक, सात रस्ता)

उत्तर : गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात जरूर. भटकी कुत्री असलेल्या रस्त्यावर नको. गळपट्ट्याला दोरी लावू नका, मांजरांसाठीचा छातीचा पट्टा घ्या. तो आधी दोन-तीन दिवस जेवणाच्या वाटीशेजारी पडू द्या, मग पाच मिनिटं घरात बांधा. पट्टा आणि अंग यांत दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवा. पहिल्यांदा बांधल्यावर मांजर आडवं पडतं आणि हलत नाही. पाठीवरच्या दाबाने तसं होतं. ओढू नका, समोर तुकडा ठेवा. घाबरलं की ते मागे सरकत पट्ट्यातून सटकतं, म्हणून त्याला आत घ्यायला उघड्या तोंडाची पिशवी किंवा पिंजरा जवळ हवाच. रेबीजची आणि इतर लसी झाल्याशिवाय बाहेर नेऊ नका.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत परत या. धापा टाकणारा कुत्रा अंग थंड करत असतो. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते संकटात आहे. सावलीत न्या, ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसा, लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न : घरात कुत्रा आहे, आता मांजर आणलंय. गोचिडांचं औषध आणि खाणं दोघांना एकच चालेल का?
(वाचक, अशोक चौक)

उत्तर : नाही. हे उत्तर कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कुत्र्याच्या पाठीवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. अंग थरथरतं, लाळ गळते, झटके येतात, जीव जातो. औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर चाटतं किंवा बिलगून झोपतं, तेवढ्यानेही विषबाधा होते. तीन दिवस दोघांना वेगळं ठेवा. चुकून अंगाला लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा आणि तसंच दवाखान्यात न्या. पॅरासिटामॉलही मांजराला कधीच देऊ नका.

कुत्र्याच्या खाण्यावर मांजर जगत नाही. त्याला मांसातलं टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं; ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय निकामी होतं. दूध-भाकरीवर वाढवलेल्या मांजराचीही तीच गत होते.

प्रश्न : आमचं मांजर शेपटी हलवतं, पोट वर करून लोळतं, पण हात लावला की चावतं. असं का?
(वाचक, होटगी रोड)

उत्तर : फटकारे मारणारी शेपटी म्हणजे ‘पुरे’. पोट दाखवतं ते विश्वासाने, हात लावा म्हणून नव्हे. गाल आणि हनुवटी खाजवा.

प्रश्न : घरातच यंत्रमाग आहे. मांजर सुताशी खेळतं, चालेल ना?
(वाचक, सोलापूर)

उत्तर : तुम्ही समोर असाल तेवढाच वेळ. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेलं सूत त्याला थुंकता येत नाही. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं. आतडं चुण्या पडून गोळा होतं आणि धागा ते कापत जातो. टॉवेल-चादरींची तुटकी टोकं रोज झाकणाच्या डब्यात टाका. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, बाहेरचा भाग कापूही नका. मांजर उलट्या करत असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.