चंद्राला खळी नाही, खळं पडतं

प्रश्न असा आलाय की रंकाळ्यावरून रात्री चंद्राभोवती मोठ्ठं गोल कडं दिसलं, तर त्याला ‘चंद्राला खळी पडली’ म्हणायचं का, आणि त्यानंतर पाऊस येतो हे खरं का.

खळी गालाला पडते. चंद्राला पडतं ते खळं, ‘ते’ खळं. हल्ली जो तो फोटोखाली ‘खळी पडली’ लिहून मोकळा होतो, वाचून डोकं फिरतं. हां, एकावेळी दोन कडी दिसली तर ‘दोन खळी पडली’ एकदम बरोबर, तळं-तळी तसं खळं-खळी, पण बाहेरचं दुसरं कडं फार क्वचित दिसतं.

आता खरी गंमत. हे खळं म्हणजे आपलं मळणीचंच खळं! शेणानं सारवलेली गोल जागा, मधोमध रोवलेली मेढ, तिला बांधलेली बैलांची पात कणसं तुडवत गोल गोल फिरतेय. वर बघा, चंद्र ही मेढ आणि कडं ही बैलांची वाट. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ग्रहताऱ्यांना हीच उपमा आहे, मेढीभोवती फिरणाऱ्या जनावरांची. आणि इंग्रजीत या कड्याला ‘हेलो’ (halo) म्हणतात, तो शब्द कुठून आला? ग्रीक ‘हालोस’वरून, आणि हालोस म्हणजे पण मळणीचं खळंच! कुठं ग्रीस, कुठं कागल-गडहिंग्लज, पण खळ्यावर रात्र काढणारा माणूस वर बघून तेच बोलणार.

यावर कुणी म्हणेल की मराठीनं हा अर्थ इंग्रजीवरून उचलला. साफ चूक. इंग्रजीवरून उचलणाऱ्यानं ‘प्रभामंडल’ केलं असतं, आणि केलंच की, पुस्तकांत बघा. इंग्रजी बोलणाऱ्याला तरी हेलो म्हणताना कुठं मळणी आठवते? आणि ‘खल’ संस्कृत आहे म्हणून हा अर्थपण तिकडूनच आला म्हणावं, तर संस्कृतात या कड्याला परिवेष म्हणतात, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर अख्खा अध्याय आहे. म्हणजे चंद्राचं खळं शेतकऱ्यानंच केलेलं, असं माझं ठाम मत.

त्याची नजर किती पक्की होती बघा. उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात, त्यांतून जाताना उजेड कमीत कमी 22 अंश वळतो, त्याहून कमी वळतच नाही, म्हणून कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळपट आणि आतली कड रेखीव, जरा तांबूस. झाडून सारवलेलं खळं असंच दिसतं, आत मोकळं, कडेला भुसकाट. ‘तेजोवलय’ म्हणणाऱ्यांना हा आतला काळपटपणा दिसतच नाही.

हात ताणून वीत पसरा, अंगठा चंद्रावर ठेवा, करंगळी साधारण कड्याला टेकली तर ते हे खळं. चंद्राला अगदी चिकटून रंगीत चकती दिसते ती वेगळी, ती पाण्याच्या बारीक थेंबांमुळं, आणि तिच्यात तांबडा रंग बाहेरच्या बाजूला असतो.

पावसाचं राहिलंच. ‘खळं लांब तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब’ असं जुनी माणसं म्हणतात. त्यातला पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा, कारण पावसाळी हवा सरकत येते तेव्हा हे उंच बर्फाळ ढग बऱ्याचदा तिच्या पुढं धावतात. पण नुसतं खळं बघून उद्या पाऊस म्हणू नका, तेच ढग कोरडे निघूनपण जातात.